पुतळ्याचे पाय आणि सिंधुताईची सिगडी

त्या पुतळ्याने सिंधुताईचं डोकं उठवलं होतं. पुतळा दगडाचा नव्हे, कागदावरचा. भिलाई-3 च्या त्यांच्या घरात, पुढच्या खोलीत, टीव्हीच्या बरोबर वर, जुन्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर तो काढलेला होता. डोकं सोन्याचं, छाती चांदीची, पोट आणि मांड्या पितळेच्या, तंगड्या लोखंडाच्या, आणि पाय अर्धे लोखंडाचे, अर्धे मातीचे. बायबलमधल्या दानीएल संदेष्ट्याने बाबेलच्या राजाला त्याच्या स्वप्नाचा अर्थ उलगडून सांगितला, त्या स्वप्नातला हा पुतळा. चित्र देवाजीने, म्हणजे सिंधुताईच्या नवऱ्याने, स्वतः स्केचपेनने काढलेलं, आणि चित्रकलेशी त्या माणसाचा कधी संबंध आलेला नव्हता. पुतळ्याचा चेहरा झोपमोड झालेल्या चौकीदारासारखा दिसे.

घरी कोणी आलं, की पाण्याचा ग्लास हातात पडायच्या आधी देवाजी त्याला चित्राजवळ नेई आणि डोक्यापासून सुरुवात करी. सोनं म्हणजे बाबेल, चांदी म्हणजे मेदी-पारसी, पितळ म्हणजे ग्रीक, लोखंड म्हणजे रोम. पायांशी येईपर्यंत चहावर साय धरे. मग आवाज खाली आणून तो सांगे, की आपण सध्या बोटांशी आहोत. आता कोणी हात न लावता डोंगरातून एक धोंडा सुटेल, या पायांवर आदळेल, सगळ्या पुतळ्याचा भुगा होईल आणि तो धोंडा वाढत वाढत अख्खी पृथ्वी भरून टाकेल. तेच देवाचं राज्य. एकदा गॅस सिलेंडरवाला पोरगा हे सगळं ऐकून, सिलेंडर दारातच टाकून, पावती न देता निघून गेला. ती पावती मिळवायला सिंधुताईला उन्हात दोन चकरा पडल्या.

देवाच्या राज्याशी तिचं काही वाकडं नव्हतं, हे आधीच सांगायला पाहिजे. तिचाही विश्वास होता. रोज कणीक मळताना ती प्रार्थना करी आणि राज्य लवकर येऊ दे असं मनापासून म्हणे. फक्त तिचं म्हणणं असं, की राज्य येईल त्या वेळी घर झाडलेलं असावं, भांडी घासलेली असावीत, आणि आपण दारात उभं असावं. देवाजीचं उलटं होतं. राज्य येणार म्हणून त्याने सगळी कामंच सोडून दिली होती. मागच्या खोलीचं छत गळे, तर तो म्हणे किती दिवसांचा प्रश्न आहे. कूलरची खस कुजली, तर किती दिवसांचा प्रश्न आहे. तारीख मात्र तो कधी सांगत नसे. तारीख सांगणारे खोटे, याबाबत तो मोठा कडक होता. तारीख नाही, पण अगदी जवळ. हे अगदी जवळ अकरा वर्षं चाललं होतं आणि छत अकरा वर्षं गळत होतं असं नाही, पण चार तर नक्कीच गळत होतं.

आणि सिगडी. मागच्या अंगणात सिंधुताईची एक सिगडी होती, जुन्या लोखंडी बादलीची. आतून मातीचं जाड अस्तर लावायचं, मध्ये सळ्या टाकायच्या, खाली राखेला तोंड. गॅस आला तरी तिने ती सोडली नव्हती. थंडीत आंघोळीचं पाणी, वांगी भाजणं, पाहुणे आले की भाताचा मोठा गंज, म्हणजे पातेलं, सगळं तिच्यावर. दर दिवाळीला ती स्वतः अस्तर लावी. या वर्षी तिचे गुडघे धरले, तळ्यावरून माती आणणं जमेना, आणि अस्तर आतून ढासळलं. पोतंभर माती आणून द्या, एवढंच ती देवाजीला तीन महिने सांगत होती. देवाजी काय म्हणे, ते आता वेगळं सांगायला नको.

देवाजी मूळचा गोंदियाकडचा, धानाच्या गावातला. सातवी झाली आणि पुढे काही वर्षांनी भिलाईच्या पोलाद कारखान्यात, म्हणजे प्लांटात, भरती झाला. सेक्टर 6 मध्ये क्वार्टर मिळालं, लग्न करून त्याने सिंधुताईला तिथे आणलं. रिटायर होऊन भिलाई-3 च्या घरात येईपर्यंत एकतीस वर्षं तो भट्टीच्या तोंडाशी राहिला. काम सांगायला सोपं होतं. भट्टीत वितळलेलं लोखंड साचलं की तिचं तोंड फोडायचं, लोखंड वाहू द्यायचं, आणि वाहून झालं की ते तोंड पुन्हा मातीने बंद करायचं. माती ठासायच्या यंत्राला मडगन म्हणत आणि देवाजी त्या मडगनवर होता. माती काळी, डांबर घातलेली, चिकट. ती त्याच्या नखांत बसे, कानांत बसे, बनियनच्या शिवणीत बसे. सिंधुताईने एकतीस वर्षं ते कपडे वेगळ्या बादलीत भिजवले आणि ते एकदाही पुरते निघाले नाहीत. ती चिडे, तेव्हा तोच तिला समजावी, की या मातीवर रागावू नको, ही नसली तर भट्टी कोणाचं ऐकत नाही.

अकरा वर्षांपूर्वी त्याला कावीळ झाली आणि दवाखान्यात शेजारच्या खाटेवर प्रफुल मास्तर भेटले. मास्तर सेक्टर 10 मध्ये राहत, एका शाळेत भूगोल शिकवून रिटायर झालेले, आणि आपल्या घरामागच्या टिनाच्या शेडमध्ये दर रविवारी वीस-पंचवीस मराठी माणसांची प्रार्थनासभा चालवत. मास्तरांनी त्याला वेळ जावा म्हणून या पुतळ्याची गोष्ट वाचून दाखवली. लोखंड आणि माती हे शब्द कानावर पडले आणि देवाजी खाटेवर उठून बसला. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी त्याच्या ओळखीच्या सामानातून देवाबद्दल बोलत होतं. वर्षाच्या आत नवरा-बायको दोघांनी शिवनाथ नदीत बाप्तिस्मा घेतला. सिंधुताई तेव्हा खूश होती. दारू सुटली, शिव्या सुटल्या, तिन्ही पाळ्यांत माणूस शांत राहू लागला. दारूच्या जागी हे पाय येतील हे तिला कुठून कळणार.

मास्तर दर उन्हाळ्याच्या तोंडाशी दानीएल शिकवत. पायांचा धडा आला की देवाजीला पुढे बोलवत, कारण सभेत लोखंडाचा माणूस तो एकटाच. देवाजी जेवणाच्या जुन्या डब्यात बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, एक तुकडा नेई. त्यावर आदल्या दिवशी ओली माती थापून वाळवलेली असे. सगळ्यांपुढे तो त्या तुकड्याला बोटाने टिचकी मारी, माती खळकन गळून पडे, आणि तो म्हणे, बघा. लोक माना डोलवत. पहिल्या वर्षी सिंधुताईनेही डोलवली होती. तेव्हा देवाजी नोकरीवरच होता. रविवारी टिचकी मारून माती पाडायचा आणि सोमवारी पहिल्या पाळीला जाऊन त्याच मातीने भट्टी बंद करायचा. हे तेव्हा कोणाच्याच ध्यानात आलं नाही, खुद्द त्याच्याही नाही.

इथपर्यंत सगळं सहन करण्यासारखं होतं. नवरे रिटायर झाले की कोणी पत्ते खेळतं, कोणी शेजाऱ्यांच्या भानगडीत पडतं, याने पाय धरले, असं म्हणून तिने सोडून दिलं असतं. पण दोन वर्षांपूर्वी ते पाय तिच्या पोरीवर येऊन पडले.

गुंजन त्यांची एकुलती एक, सत्तावीस वर्षांची, एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त तपासायच्या कामावर. तिचं मन अरुणकुमारवर बसलं. अरुणकुमार साहू इकडचाच, छत्तीसगढी, धमधाकडच्या गावचा, इथे रेल्वेच्या शेडमध्ये इलेक्ट्रिशियन. पोरगा कामाचा आणि कमी बोलणारा. घरी आला की बंद पडलेला पंखा न सांगता चालू करून जाई. गुंजनबरोबर तो चार-पाच वेळा सभेतही येऊन बसला होता. मास्तरांनी त्याला बाप्तिस्म्याचं विचारलं, तर त्याने सरळ सांगितलं, की ऐकायला चांगलं वाटतं, पण अजून मनात पक्कं नाही, आणि लग्नासाठी खोटी डुबकी मी मारणार नाही. सिंधुताईला तो त्या दिवसापासून आवडला. खोटी डुबकी मारणारे तिने दोन-तीन पाहिले होते.

देवाजीने मात्र पोराचं तोंड पाहायला नकार दिला. त्याला वचनच सापडलं होतं. त्या पायांबद्दल असं सांगितलेलं आहे, की ते लोक सोयरिकी करून एकमेकांत मिसळू पाहतील, पण लोखंड जसं मातीशी मिळत नाही तसे ते एकमेकांना चिकटून राहणार नाहीत. झालं. आपण लोखंड, साहू माती, की साहू लोखंड आणि आपण माती, हे त्याने कधी स्पष्ट केलं नाही. जातीचं तो नाव घेत नसे, कारण प्रभूत जात नाही. धर्माचंही फारसं बोलत नसे, कारण तिथे मास्तर पोराला भेटून घ्या, बसून बोला, असं म्हणत आणि ते त्याला नको होतं. फक्त पाय. गुंजन जेवायला बसली की पाय. अरुणकुमार पंखा पाहायला आला, की देवाजी आतल्या खोलीत जाऊन कडी लावी आणि बाहेरच्या पंख्याचा आवाज आत घामाने निथळत ऐके. दोन वर्षं हे चाललं. सिंधुताईने रडून पाहिलं, भांडून पाहिलं, दोन दिवस चूल बंद ठेवून पाहिली. शेवटी तिने हात टेकले.

मग या वर्षी चैत्रात गुंजननेच विषय संपवला. अक्तीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, इकडे घरोघर लग्नं असतात. अरुणकुमारच्या घरच्यांनी त्याच दिवशी गावाला हळद ठेवली होती आणि त्यानंतरच्या सोमवारी दुर्गला जाऊन दोघं कायद्याने सह्या करणार होते. नोटीस देऊन झाली होती. गुंजन स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी राहिली आणि रागावर न येता बोलली. राग आला असता तर सिंधुताईला सोपं गेलं असतं.

"आई, मैं भाग के नहीं जाऊँगी. अक्तीले सकाळी याच दारातून निघीन. बाबा दारात उभे राहतील का, एवढं विचारून सांग. नाही राहिले, तर परत या दारात मी येणार नाही. सच बोल रही हूँ."

आणि ती सच बोलत होती. ही पोरगी लहानपणी एकदा म्हणाली होती की शेपूची भाजी खाणार नाही, ती आजतागायत खाल्लेली नव्हती. सिंधुताईने त्याच संध्याकाळी देवाजीला सगळं सांगितलं. दारात उभं राहायचं, बस. जेवण नको, भाषण नको, आशीर्वाद जमला तर द्या, नाही जमला तर नुसते उभे राहा. देवाजीने ऐकून घेतलं आणि तो चित्राकडे बघत राहिला. म्हणाला, की येत्या रविवारी पायांचा धडा आहे, तळ्यावरून थोडी माती आणायला पाहिजे. सिंधुताईच्या हातात लाटणं होतं. ते तिने ओट्यावर ठेवलं आणि अंगणात जाऊन उभी राहिली, नाहीतर काय झालं असतं सांगता येत नाही. तिच्या सिगडीसाठी तीन महिन्यांत या माणसाला माती सापडली नव्हती. डब्यासाठी दुसऱ्याच दिवशी सापडली.

रविवारी ऊन मी म्हणत होतं. शेडचं टिन तापलेलं, दोन पंखे गरम हवा इकडची तिकडे करत होते. बाया एका बाजूला सतरंजीवर, पुरुष दुसऱ्या बाजूला. गुंजन आईच्या मागे बसली होती, घरी राहू का म्हणत होती, पण सिंधुताईनेच तिला आणलं होतं, बापाला पोरगी समोर दिसली तर जरा तरी लाज वाटेल या आशेने. मास्तरांनी डोक्यापासून सुरुवात केली आणि पायांशी आल्यावर देवाजीला हाक मारली. देवाजी डबा घेऊन उठला. नवा शर्ट घातला होता.

टिचकी मारली, माती पडली, माना डोलल्या. दरवर्षी तो इथे थांबे. या वर्षी थांबला नाही. बिडाचा तुकडा हातात धरून तो म्हणाला, की हे फक्त राजांपुरतं नाही, आपल्या घराघरातलं आहे. जे मिळत नाही ते मिळवायला गेलं की असं गळून पडतं. मी माझ्या स्वतःच्या पोरीलाही हेच सांगून राहिलो, पण आजकालच्या लेकरांना भट्टीची आच कुठे माहीत आहे. त्याने गुंजनकडे पाहिलं नाही. बाकी सगळ्यांनी पाहिलं.

गुंजन उठली. कोणाच्या पायावर पाय पडू न देता सतरंजीच्या कडेकडेने गेली, दारात चप्पल घातली आणि तिची स्कूटी चालू झाल्याचा आवाज आत सगळ्यांना ऐकू आला.

अकरा वर्षांत सिंधुताई सभेत प्रार्थनेखेरीज बोलली नव्हती. बोलू नये असं कोणी म्हटलं नव्हतं, पण तिला कधी गरज वाटली नव्हती. ती गुडघ्यावर हात देऊन उभी राहिली.

"गुंजनचे बाबा, मले एक सांगा. भट्टीचं तोंड तुमी कायनं बंद करत होते?"

देवाजीला वाटलं, बायको धड्याला मदत करून राहिली. तो उत्साहाने म्हणाला, मातीनं. आत काय राहत होतं, तिने विचारलं. लोखंड. कसं लोखंड? पातळ, तो म्हणाला, पाण्यावानी पातळ, लालभडक. आणि मग त्याचा आवाज बारीक झाला, कारण पुढचा प्रश्न त्याला दिसला.

"अन् माती गळून पडत होती?"

देवाजी हातातल्या तुकड्याकडे बघत होता. तो म्हणाला, की मिसळत नाही ती. नुसती धरून ठेवते.

"मिसळा म्हणून मी कुठं म्हटलं? धरून ठेवते ना? एकतीस वर्षं मी थे माती धुतली. गुंजन झाली तवा तुमी पाळीवरून सरळ आले अन् त्याच हातानं तिले उचललं. तिच्या टोपड्याचा काळा डाग अजून गेला नाही. आता तुमीच सांगता, माती लोखंडापाशी टिकत नाही. तुमचं राज्य हात न लावता येणार आहे, हेही तुमीच सांगता. मंग माह्या पोरीच्या मधात तुमचा हात कावून?"

एवढं बोलून ती खाली बसली. शेजारच्या बाईने पाण्याची बाटली पुढे केली ती तिने घेतली नाही.

देवाजीने मास्तरांकडे पाहिलं. मास्तर भूगोलाचे, नकाशात बोट कुठे ठेवायचं ते जाणणारे. त्यांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, देवाजीभाऊ, मी अकरा वर्षं राज्यांचं आणि राजघराण्यांच्या सोयरिकींचं शिकवतो आहे, गुंजनचं नाव मी यात कधी घेतलं? पोराच्या विश्वासाचा प्रश्न आहे, मोठा प्रश्न आहे, पण तो त्याच्याशी बसून बोलायचा आहे, आणि मी तुम्हाला दोनदा बसा म्हटलं, तुम्ही बसला नाहीत. डब्यातल्या मातीने तो सुटणार नाही. मग त्यांनी गीत सांगितलं आणि सगळे जरा जास्तच मोठ्याने गायले.

घरी जाताना ऑटोत दोघं बोलले नाहीत. त्या दिवशी नाही, सोमवारी नाही, मंगळवारी नाही. देवाजी जेवे, ताट उचले, चित्रासमोर खुर्ची टाकून बसे. सिंधुताईला वाटलं होतं, की सांगून झाल्यावर हलकं वाटेल. वाटलं नाही. चारचौघांत नवऱ्याचं तोंड बंद केलं आणि हाती काय आलं, तर मौन. बोलत होता तेव्हा निदान पायांबद्दल तरी बोलत होता. गुंजन लॅबमधून येई, खोलीत कपडे भरी, आणि दर दिवशी आईकडे एकदा बघे. सिंधुताई मान हलवी. अक्ती दोन आठवड्यांवर आली होती आणि त्या दारात कोण उभं राहणार, हे कोणालाच माहीत नव्हतं.

बुधवारी सकाळी देवाजी सायकल घेऊन निघून गेला. मास्तरांकडे भांडायला गेला असेल, असं ती समजली. गुरुवारी पुन्हा गेला. शुक्रवारी ती बाजारातून परत आली, पिशवी ओट्यावर ठेवली, कणीक चाळायला चाळणी शोधू लागली. चाळणी जागेवर नव्हती. फडताळात नव्हती, खाली नव्हती. शोधत शोधत ती मागच्या दाराशी आली आणि तिथेच थांबली.

देवाजी अंगणात उकिडवा बसला होता, कोपरापर्यंत मातीत. समोर तिच्या सिगडीची लोखंडी बादली, आतून खरवडून स्वच्छ केलेली. बाजूला तळ्याच्या मातीचं पोतं, धानाचा कोंडा, फुटक्या विटांचा बारीक चुरा. त्या चुऱ्यात तिची पिठाची चाळणी उपडी पडलेली. देवाजी मूठभर माती घेई, तळहातावर दाबून तिची वळी करी, बादलीच्या आतल्या अंगाला लावी आणि अंगठ्याने ठासे. मग पुढची वळी, पहिलीला खेटून. घाई नव्हती. तिने त्याला हे काम करताना कधी पाहिलं नव्हतं. एकतीस वर्षांत भट्टीजवळ बायकोला कोण नेतं.

ती उभी आहे हे त्याला कळलं होतं. वर न बघता तो म्हणाला, "डब्यात मी कच्ची माती नेत होतो. भाजलेली कधी नेलीच नाही. मले माहीत होतं ना, सिंधू. भाजली की धरते, हे मले माहीत होतं."

तिला खूप काही बोलायचं होतं. अकरा वर्षांचं साचलेलं होतं आणि त्यात चाळणीची भर पडली होती. पण बाहेर पडलं ते एवढंच.

"बुडाशी पातळ लावून राहिले तुमी."

देवाजीने बुडाशी हात घालून पाहिलं. मान हलवली, आणखी एक वळी घेतली. म्हणाला, हिला सावलीत वाळायला आठ दिवस पाहिजेत, मग दोन दिवस हलकी आच, नाहीतर तडकते. अक्तीला किती आहेत? बारा, ती म्हणाली. मग पुरे, तो म्हणाला. पोरगी सकाळी निघायच्या आधी त्या लोकांना जेवू घालायला पाहिजे, उपाशी कोणी आपल्या दारातून जात नाही. किती जण येतील त्यांच्याकडचे? आणि गुंजनला म्हणावं, त्या पोराला रविवारी बोलाव, बसून बोलू, माझे प्रश्न आहेत त्याला. सोडणार नाही मी. सिंधुताईला क्षणभर संशय आला, की पायांबद्दल विचारणार की काय, आणि तिने तसं तोंडावर विचारलंही. देवाजी म्हणाला, पायांबद्दल नाही.

तेवढ्यात पुढे स्कूटीचा आवाज आला. गुंजन त्या दिवशी लवकर सुटली होती. देवाजी उठला. हात धुतले नाहीत, काही नाही, नुकत्याच पुसलेल्या फरशीवरून मातीची पावलं उमटवत पुढच्या खोलीतून गेला, पुतळ्याखालून गेला आणि दारात जाऊन उभा राहिला. फाटकातून आत येणारी गुंजन पायरीशी थबकली. बापाकडे, त्याच्या हातांकडे बघत राहिली.

"क्या हुआ, बाबा?"

"काही नाही," देवाजी म्हणाला. "उभं राहून पाहून राहिलो."

सिंधुताईने मागून ओरडून सांगितलं, की चौकटीला हात लावू नका, अक्तीसाठी कालच रंग दिलेला आहे. पण त्याने आधीच लावला होता.